‘बेसामे’ की ‘बेसेमे’? स्पॅनिशमध्ये एका स्वराने ‘तू’चं ‘आपण’ कसं होतं, ते मराठीतून समजून घ्या!

‘बेसामे मुचो’ हे गाणं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. नाव माहीत नसेल, पण चाल ऐकली की ‘अरे, हे होय!’ म्हणाल. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस यांनी लिहिलेलं हे गाणं जगभरातल्या असंख्य गायकांनी गायलंय. अगदी बीटल्सनीसुद्धा. त्या दोन शब्दांचा अर्थ आहे, ‘माझी खूप चुंबनं घे’.

आता यातला फक्त एक स्वर बदलून बघा. ‘सा’चा ‘से’ करा. ‘बेसेमे मुचो’.

व्याकरणाच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. पण अर्थ झाला, ‘आपण माझी भरपूर चुंबनं घ्यावीत’. प्रेमगीताचा एकदम सरकारी अर्ज झाला की नाही?

स्पॅनिश शिकणारे बरेच जण नेमके इथेच अडखळतात. कारण आपल्याकडे ही भाषा बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकवली जाते आणि इंग्रजीत ‘बोल’, ‘बोला’, ‘बोलावं’ या तिन्हींसाठी एकच ‘स्पीक’ आहे. आजोबांना तेच आणि नातवालाही तेच. मग पुस्तकातल्या तक्त्यात एकाच आज्ञेची पाच-पाच रूपं दिसली की डोकं गरगरतं.

मराठी माणसाने खरं तर गरगरून जायचं काही कारण नाही. कोणाला ‘बस’ म्हणायचं, कोणाला ‘बसा’ आणि कोणाला ‘बसावं’, हे आपण लहानपणापासून न शिकवता शिकलोय. स्पॅनिशचा आज्ञार्थ नेमका याच समजुतीवर उभा आहे. कसा, ते पाहू.

आधी उच्चाराचं थोडंसं

या लेखात सगळे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. स्पॅनिश बरीचशी लिहितात तशीच बोलतात, त्यामुळे देवनागरीत ती छान बसते. दोन-तीन गोष्टी फक्त लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘व’च्या जागी लिहिलेलं अक्षर ‘ब’सारखं ऐकू येतं. ‘ट’ आणि ‘ड’ नाहीत, आपले ‘त’ आणि ‘द’ आहेत.

आणि एक गंमत. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला काय म्हणतात? ‘तू’च! हा योगायोग नाही. संस्कृतमधलं ‘त्वम्’ आणि लॅटिनमधलं ‘तू’ ही एकाच जुन्या भाषाकुळातली भावंडं. आपला ‘तू’ संस्कृतकडून आला, त्यांचा लॅटिनकडून.

क्रियापदांची तीन घराणी

मराठीत मूळ क्रियापद सांगताना आपण ‘णे’ लावतो. बोलणे, खाणे, लिहिणे. स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘र’ असतो आणि त्याच्या आधीच्या स्वरावरून त्याचं घराणं ठरतं.

‘आर’ घराणं: आब्लार (बोलणे), मिरार (बघणे), एस्पेरार (थांबून वाट पाहणे)

‘एर’ घराणं: कोमेर (खाणे), बेबेर (पिणे), कोर्रेर (पळणे)

‘इर’ घराणं: एस्क्रिबिर (लिहिणे), आब्रिर (उघडणे), सुबिर (वर चढणे)

आज्ञा देताना कामाला येणारा सगळा खेळ या तीन स्वरांचा आहे.

‘तू’ला आज्ञा: ‘र’ काढा, झालं!

मित्र, भाऊ, लहान मुलं, म्हणजे ज्यांना आपण अरे-तुरे करतो त्यांना सांगायचं असेल तर शेवटचा ‘र’ काढून टाका. मराठीत ‘बोलणे’मधला ‘णे’ काढला की ‘बोल’ उरतो, अगदी तसंच.

आब्लार – आब्ला (बोल)

मिरार – मिरा (बघ)

कोमेर – कोमे (खा)

बेबेर – बेबे (पी)

‘इर’ घराण्यात एकच जास्तीचा बदल. ‘र’ काढल्यावर उरलेल्या ‘इ’चा ‘ए’ होतो.

एस्क्रिबिर – एस्क्रिबे (लिही)

आब्रिर – आब्रे (उघड)

यात एक बारकावा आहे. ‘आब्ला’ म्हणजे ‘बोल’ आणि ‘आब्ला’ म्हणजेच ‘तो किंवा ती बोलते’. रूप एकच. आज्ञा आहे की नुसती माहिती, हे बोलण्याच्या सुरावरून आणि प्रसंगावरून कळतं. लिहिताना उद्गारचिन्ह मदतीला येतं आणि स्पॅनिशमध्ये तर ते दोनदा देतात. वाक्याच्या सुरुवातीला उलटं, शेवटी सुलटं.

‘उस्तेद’ला आज्ञा: स्वरांची अदलाबदल

आता आदराचं रूप. अनोळखी माणूस, वयाने मोठं कोणी, डॉक्टर, अधिकारी, ग्राहक. यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ असं सर्वनाम आहे. त्याची आज्ञा करायची युक्ती एका ओळीची आहे: शेवटी ‘आ’ असेल तर ‘ए’ करा आणि ‘ए’ असेल तर ‘आ’ करा.

आब्ला (बोल) – आब्ले (आपण बोलावं)

मिरा (बघ) – मिरे (आपण बघावं)

कोमे (खा) – कोमा (आपण खावं)

एस्क्रिबे (लिही) – एस्क्रिबा (आपण लिहावं)

आब्रे (उघड) – आब्रा (आपण उघडावं)

म्हणजे ‘आ’कारान्त घराण्याने ‘ए’ उसना घेतला आणि बाकीच्या दोघांनी ‘आ’. नवशिक्याचा गोंधळ होतो तो याचमुळे. ‘आ’ म्हणजे आदर आणि ‘ए’ म्हणजे सलगी असं पाठ करून चालत नाही. ‘मिरा’ ही सलगी आहे, तर ‘कोमा’ हा आदर. क्रियापद कुठल्या घराण्याचं आहे, हे आधी आठवावं लागतं.

पण असं उलटं का? इथे मराठी कामाला येते

‘उस्तेद’ हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या दोन शब्दांचा झिजून झिजून झालेला अवतार आहे. त्याचा अर्थ ‘आपली कृपा’. आपल्याकडे समोरच्याला ‘महाराज’, ‘हुजूर’, ‘सरकार’ म्हणायचे, त्याच जातीचं हे संबोधन. सर्व्हांतेसच्या ‘दोन किखोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात सांचो हा सेवक आपल्या धन्याला ‘बुएस्त्रा मेर्सेद’ असंच म्हणतो.

आता विचार करा. राजासमोर उभं राहून कोणी ‘बोल’ किंवा ‘बोला’ म्हणेल का? तो म्हणेल, ‘महाराजांनी बोलावं’. यात दोन गोष्टी घडल्या. समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी आपण तिसऱ्याच कोणाविषयी बोलावं तसं बोललो. आणि हुकूम न सोडता इच्छा व्यक्त केली.

शाळेत मराठी व्याकरणात आपण आज्ञार्थ आणि विध्यर्थ शिकलो होतो, आठवतंय? ‘बस’ हा आज्ञार्थ, ‘बसावं’ हा विध्यर्थ. स्पॅनिशमध्ये ‘आब्ले’ आणि ‘कोमा’ ही रूपंसुद्धा मुळात हुकमाची नाहीत. इच्छा, अपेक्षा, शक्यता सांगायला स्पॅनिश क्रियापदाचं एक वेगळं रूप आहे, तिथून ती आणली आहेत. ‘आब्ले’ म्हणजे शब्दशः ‘आपल्या कृपेने बोलावं’. त्या इच्छेच्या रूपात ‘आर’ घराण्याला ‘ए’ लागतो आणि ‘एर’, ‘इर’ घराण्यांना ‘आ’. स्वरांची अदलाबदल दिसते ती त्यामुळे.

म्हणून ‘उस्तेद’च्या आज्ञेचं मराठी भाषांतर मनात करताना ‘बोला’पेक्षा ‘बोलावं’ असं केलंत, तर रूप आणि सूर दोन्ही बरोबर जमतात. इंग्रजीतून शिकताना नेमका हाच धागा हातातून निसटतो.

गोव्याच्या वाचकांना हे आणखी ओळखीचं वाटेल. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिथला ‘व्होसे’ हा शब्दही ‘आपली कृपा’ अशाच अर्थाच्या संबोधनातून आला आणि तिथेही ‘तू’साठी ‘फाला’ तर ‘व्होसे’साठी ‘फाले’ अशी स्वरांची अदलाबदल होते.

हे रस्त्यावर लिहिलेलं दिसेल

दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत चौकात लाल अष्टकोनी पाटी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं ‘पारे’. पारार म्हणजे थांबणे. ‘तू’साठी ‘पारा’ झालं असतं, पाटी म्हणते ‘पारे’. आपल्याकडे रस्त्यावर ‘थांब’ न लिहिता ‘थांबा’ लिहितात, तोच विचार. वाहन कोण चालवतंय हे पाटीला माहीत नसतं, म्हणून ती सगळ्यांना मान देते. (स्पेनमध्ये मात्र या पाटीवर चक्क इंग्रजीतलं ‘स्टॉप’ असतं आणि मेक्सिकोत ‘आल्तो’.)

दुकानाच्या किंवा बँकेच्या दारावर ‘एम्पुखे’ दिसलं तर दार ढकला आणि ‘तिरे’ दिसलं तर ओढा. एम्पुखार आणि तिरार या दोन क्रियापदांची ही आदराची रूपं. यंत्राच्या पडद्यावर ‘एस्पेरे’ आलं, तर ‘कृपया थांबा’.

एकापेक्षा जास्त माणसं असतील तर?

इथेही तीनच युक्त्या आहेत.

पहिली युक्ती: ‘उस्तेद’च्या रूपाला ‘न’ जोडा. आब्ले – आब्लेन, कोमा – कोमान, एस्क्रिबा – एस्क्रिबान. हे झालं ‘उस्तेदेस’चं रूप, म्हणजे अनेकांसाठी ‘तुम्ही’. लॅटिन अमेरिकेत हे एकच रूप सगळ्यांना चालतं. आई आपल्या पोरांना जेवायला बसवताना ‘कोमान’ म्हणते आणि वक्ता सभेला सांगतानाही हेच रूप वापरतो.

दुसरी युक्ती फक्त स्पेनसाठी: मूळ क्रियापदातल्या ‘र’चा ‘द’ करा. आब्लार – आब्लाद, कोमेर – कोमेद, एस्क्रिबिर – एस्क्रिबिद. हे ‘बोसोत्रोस’चं रूप, म्हणजे ज्यांना एकेकट्याला ‘तू’ म्हणतो अशा मित्रांच्या घोळक्यासाठी. रोजच्या बोलण्यात स्पेनमधले बरेच जण ‘द’ न करता ‘र’ तसाच ठेवतात. कानावर पडलं तर गोंधळू नका.

तिसरी युक्ती आपल्यालाही त्यात धरणारी: ‘चला, बोलूया’. ‘उस्तेद’च्या रूपाला ‘मोस’ जोडा. आब्लेमोस (बोलूया), कोमामोस (जेवूया), एस्क्रिबामोस (लिहूया).

अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात. तिथे ‘र’ काढायचा आणि शेवटच्या स्वरावर जोर द्यायचा. ‘मिरा’ म्हणताना मेक्सिकोचा माणूस ‘मि’वर जोर देईल, अर्जेंटिनाचा ‘रा’वर. ‘इर’ घराण्यात इथे ‘इ’ तसाच राहतो. म्हणजे ‘एस्क्रिबे’ऐवजी ‘एस्क्रिबि’, जोर ‘बि’वर.

बटाट्याच्या पोळीवर सराव करूया

स्पेनच्या घराघरात ‘तोर्तिया दे पातातास’ होते. अंडी आणि बटाटे घालून केलेली जाड पोळी. (आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमधला ‘पाताता’ त्याचाच नातेवाईक.) तिची पाककृती मित्राला सांगायची तर अशी:

पेला लास पातातास – बटाटे सोल

कोर्ता लास पातातास – बटाटे काप

बाते लोस उएबोस – अंडी फेट

आन्यादे साल – मीठ घाल

मेस्क्ला तोदो – सगळं एकत्र कर

आणि शेवटी, कोमे – खा!

हीच पाककृती एखाद्या जुन्या वळणाच्या पुस्तकात छापायची असेल, तर पेला–पेले, कोर्ता–कोर्ते, बाते–बाता, आन्यादे–आन्यादा, मेस्क्ला–मेस्क्ले, कोमे–कोमा. आपल्या पुस्तकांत ‘बटाटे सोलून घ्यावेत, अंडी फेटावीत, चवीपुरतं मीठ घालावं’ असं लिहितात ना? तेच.

बटाटे तळायची पायरी मुद्दाम गाळली आहे. स्पॅनिशमध्ये ‘तळणे’ हे क्रियापद नियम पाळत नाही. पोळी करताना मात्र गाळू नका!

‘पगार’ आणि स्पेलिंगची भीती

आपला ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज ‘पागार’वरून आला. अर्थ, पैसे देणे. स्पॅनिशमध्येही ‘पागार’च. ‘तू’साठी ‘पागा’, ‘उस्तेद’साठी ‘पागे’. देवनागरीत किती सरळ दिसतं!

पण रोमन लिपीत लिहिताना ‘पागे’मध्ये एक जास्तीचं ‘यू’ अक्षर घालावं लागतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, नियम मोडला. तसं नाही. स्पॅनिशमध्ये ‘ग’च्या अक्षरापुढे ‘ए’ आला की त्याचा उच्चार ‘ख’सारखा होतो. तो ‘ग’च राहावा म्हणून हे अक्षर मध्ये घालतात. बुस्कार (शोधणे) – बुस्का – बुस्के, तोकार (स्पर्श करणे, वाजवणे) – तोका – तोके, इथेही असाच प्रकार आहे. ‘क’चा उच्चार टिकवायला अक्षर बदलावं लागतं. आवाज नियमानेच चालतो, धावपळ फक्त अक्षरांची होते.

‘मला’, ‘ते’ कुठे लावायचं?

मराठीत आपण ‘मला’ आधी म्हणतो आणि ‘सांग’ नंतर. स्पॅनिशमध्ये होकारार्थी आज्ञेत उलटं होतं. ‘मला’ क्रियापदाच्या शेपटीला चिकटतं.

यामार (बोलावणे, फोन करणे): यामामे – मला फोन कर, यामेमे – आपण मला फोन करावा.

एस्क्रिबिर: एस्क्रिबेमे – मला लिही, एस्क्रिबामे – आपण मला लिहावं.

कोम्प्रार (विकत घेणे): कोम्प्रालो – ते विकत घे, कोम्प्रेलो – आपण ते विकत घ्यावं.

शेपूट लागलं तरी या रूपांत जोर जिथे होता तिथेच राहतो. ‘यामामे’त तो पहिल्या ‘या’वर आहे. आता ‘बेसामे’ची फोड तुम्हीच करू शकता. बेसार म्हणजे चुंबन घेणे, ‘तू’साठी बेसा, त्याला ‘मे’ जोडला. जोर ‘बे’वर.

मग कोणाला ‘तू’ आणि कोणाला ‘उस्तेद’?

याचं एक उत्तर नाही आणि हेही आपल्याला नवीन नाही. अनेक मराठी घरांत आईला ‘अगं आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात. शेजारच्या घरात दोघांनाही ‘ए’. नियम घरागणिक बदलतात.

स्पॅनिशभाषक देशांतही तसंच आहे. स्पेनमध्ये ‘तू’ बराच सैल हाताने वापरतात, दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘तू’ म्हणून जातो. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी अनोळखी माणसाला ‘उस्तेद’च शोभतं. कोलंबियाच्या काही भागांत तर घरातली माणसं, अगदी नवरा-बायकोही, एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. तिथे ‘बेसेमे’ ऐकून कोणी हसणार नाही!

नवख्या माणसाने सुरुवात ‘उस्तेद’ने करावी. समोरचा स्वतःच ‘तू’ म्हण असं सुचवतो. जास्त आदर दिला तर फार तर गंमत वाटते. पण एखाद्या आजीला पहिल्याच भेटीत ‘एस्पेरा’ म्हणालात, तर मराठीत ‘ए, थांब’ ऐकल्यासारखं तिला वाटू शकतं. तुमच्या मनात तसं काहीच नसेल, पण तिला तुमचं मन ऐकू येत नाही, शेवटचा स्वर ऐकू येतो. सोबत ‘पोर फाबोर’ (कृपया) जोडलं तर आणखी बरं.

दोन ठिकाणी जपून

एक, वरचे नियम नियमित क्रियापदांचे आहेत. सांगणे, करणे, जाणे, येणे, ठेवणे अशा रोजच्या आठ क्रियापदांची ‘तू’ची रूपं वेगळीच आहेत, ती पाठच करावी लागतात. काही क्रियापदं मधला स्वरही बदलतात. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ‘बोल’चं ‘बोला’ होतं, पण ‘ये’चं ‘या’, ‘दे’चं ‘द्या’ आणि ‘हो’चं ‘व्हा’. जास्त वापरातली भांडी जास्त झिजतात.

दोन, ‘बोलू नकोस’ म्हणायला ‘आब्ला’च्या आधी नुसता ‘नो’ लावून चालत नाही, तिथे क्रियापदाचं रूप बदलतं. मराठीतही आपण ‘न बोल’ म्हणत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणतो. तो विषय पुन्हा कधीतरी.

आता तुमची पाळी

खालच्या तीन क्रियापदांची ‘तू’ आणि ‘उस्तेद’ची रूपं मनात करून बघा आणि मगच पुढची ओळ वाचा: कान्तार (गाणे), बेबेर (पिणे), सुबिर (चढणे).

उत्तरं: कान्ता–कान्ते, बेबे–बेबा, सुबे–सुबा.

तिन्ही बरोबर आली? मग एखाद्या स्पॅनिशभाषक पाहुण्याला पाणी देताना ‘बेबे’ म्हणायचं की ‘बेबा’, एवढंच ठरवायचं उरलं. पाहुणा दारात आला की ‘ये’ म्हणायचं की ‘या’, हे तुम्ही रोज ठरवताच. तसंच हेही ठरवा!